खंडेनवमीची दुनळी

निवडणूक संपली की कोलकात्यातले परवानेवाले आपापल्या बंदुका परत आणायला निघतात. मतदानाच्या आधी त्या पोलीस ठाण्यात नाहीतर परवाना असलेल्या दुकानात जमा कराव्या लागतात. माझे सासरे श्यामकांत दर निवडणुकीला आपली दुनळी डलहौसीतल्या एका जुन्या दुकानात ठेवतात, आणि परत आणताना मुलाला नाही, मला बरोबर नेतात. गुरुदत्तला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बँकेतून सुटी मिळत नाही हे एक कारण. दुसरं कारण बाबा स्वतःच सांगतात.

"गुरू बंदूक अशी धरतो, जशी काही कोणाची ओली छत्री."

या खेपेला परत आणण्याला वेगळं महत्त्व होतं. बंदूक आता आमच्या डमडमच्या घरी थोडेच दिवस राहणार होती. माझी मुलगी नूपुर कॅनडात सास्काटूनला पशुवैद्यक महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथे रानबदकांची शिकार कायदेशीर आहे. हंगाम ठरलेला, दिवसाला किती पक्षी मारायचे तेही ठरलेलं. गेल्या हिवाळ्यात तिने शिकारीचा अभ्यासक्रम पुरा केला, बंदुकीचा परवाना काढला आणि मग फोनवर आजोबांना सांगितलं. आपल्याकडे बहात्तर साली वन्यजीवांचा कायदा आला, त्या वर्षापासून त्यांनी एकाही पक्ष्यावर नेम धरलेला नाही. लोक चोरून मारायचे तेव्हाही नाही.

"मग माझी घेऊन जा," ते म्हणाले.

नूपुर ऑगस्टमध्ये येणार होती. कागदपत्रांचं दुकानदार बघणार होते. राहिला होता तो एकच प्रश्न, आणि तो नूपुरने माझ्यावर सोपवला होता. तिकडे पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे चालत नाहीत. पोलादाचे, बिस्मथचे किंवा टंगस्टनचे वापरावे लागतात. आजोबांची बंदूक ते सोसेल का?

"तू सांग, आई. तू हो म्हणालीस तर मी उडवीन," ती म्हणाली होती.

मी धातुशास्त्र शिकले आणि गेली बरीच वर्षं बॉयलरच्या नळ्या तपासते. नळी न कापता, बाहेरून, तिची भिंत किती जाड उरली आहे हे मोजायचं आणि ती चालवायची की बदलायची ते लेखी द्यायचं. बंदुकीची नळी म्हणजे अगदी थोड्या वेळासाठी बॉयलरच. त्यामुळे प्रश्न माझ्या आवाक्यातला होता. फक्त इथे नळीशेजारी कामगार नव्हता, माझी मुलगी होती.

दुकानाचे मालक प्रद्योतबाबू बाबांपेक्षा तरुण, म्हणजे सत्तरीचे. त्यांनी दुनळी बाहेर आणली. बर्मिंगहॅमची बनावट, अक्रोडाचा दस्ता, दोन घोडे. बाबांनी ती बिजागरीवर उघडली आणि नळ्या खिडकीकडे धरून आतून पाहिलं. मग मला दाखवलं.

"बघ. आरसा आहे आरसा."

खरंच आरसा होता. कोलकात्याच्या हवेत पाटा-वरवंट्यालाही बुरशी येते, आणि या नळ्यांच्या आत एक ठिपका नव्हता.

"नातनी तिकडे सत्तर मिलिमीटरची काडतुसं घेणार ना?" प्रद्योतबाबूंनी हिंदीत विचारलं. खणातून एक सत्तरचं काडतूस काढून त्यांनी उजव्या नळीत सोडलं. ते अलगद आत गेलं. बंदूक मिटली. खट् असा नेटका आवाज आला.

"देखलेन? एकदम फिट."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं माझं काम संपलंच.

"बाबा, जरा उलटी करा," मी म्हटलं.

नळ्या सोडवून उलट्या केल्या की त्यांच्या बुडाशी सपाट भाग दिसतो. तिथे कारखान्यातल्या चाचणीचे छाप असतात. मुकुट, काही अक्षरं, नळीचा आतला व्यास, आणि काडतुसाच्या घराची लांबी. या बंदुकीवर अडीच इंच कोरलेलं होतं. म्हणजे काडतुसांच्या हिशेबात पासष्ट मिलिमीटर.

"हे घर पासष्टचं आहे. सत्तरचं काडतूस यात घालायचं नाही."

"अगं, पण गेलं ना आत. तुझ्यासमोर गेलं."

"जाणारच. काडतुसाची लांबी उडाल्यानंतरची सांगतात. आत्ता त्याचं तोंड आत दुमडलेलं आहे, म्हणून ते आखूड आहे. उडालं की ती घडी उलगडते. प्रद्योतबाबू, एखादं उडालेलं रिकामं आहे?"

खणाच्या तळाशी होतं. मी ते नळीत सोडलं. बहुतेक सगळं आत गेलं आणि शेवटी अडलं. अंगठ्याने दाबल्यावर थोडं सरकलं, पण बाहेर काढलं तेव्हा त्याचं तोंड चेपलेलं होतं.

"छर्रे याच तोंडातून बाहेर जायचे आहेत. तोंड आवळलं की मागे दाब वाढतो. घर पुरत नाही, म्हणून त्या चार-पाच मिलिमीटरचा दंड नळीला बसतो."

बाबांनी ते चेपलेलं काडतूस हातात घेऊन फिरवलं. प्रद्योतबाबू म्हणाले, "आम्ही तर कितीतरी लोकांना दिली."

"आणि काही झालं नाही?"

"तक्रार घेऊन कोणी आलं नाही."

"ज्याला तक्रार करायची त्याला यायला जमलं नसेल," बाबा म्हणाले. त्यांचा विनोद सुरू झाला की ते हरलेले नसतात. "ठीक आहे. पासष्टची आणायची. कॅनडात मिळत नाहीत की काय?"

"मिळतात. पण पोलादाची नाही चालणार." मी डाव्या नळीचं तोंड दाखवलं. "ही शेवटाला आवळलेली आहे, छर्ऱ्यांचा झोत फार पसरू नये म्हणून. शिसं मऊ असतं, अरुंद वाटेतून दबून निघून जातं. पोलाद दबत नाही. त्या काळच्या बंदुकीत ते नळीला आतून फुगवू शकतं."

"मग?"

"बिस्मथ. शिशासारखंच मऊ, वजनाला थोडं कमी. जुन्या बंदुकांसाठी पासष्ट मिलिमीटरमध्ये मुद्दाम भरतात. महाग असतं, पण हंगामात लागतील किती?"

"झालं तर मग," बाबा म्हणाले. प्रद्योतबाबूंनी चहा मागवला. सुटका झाल्यासारखे दोघेही हसले, आणि मला दिसत होतं की आता हो म्हणणं फार सोपं आहे.

"नळीची जाडी मोजल्याशिवाय मी हो म्हणणार नाही," मी म्हटलं.

बाबांनी कप खाली ठेवला. "आरसा दाखवला ना तुला?"

"आरशाला जाडी नसते, बाबा."

"तू सुनेसारखी बोलतेयस की इन्स्पेक्टरसारखी?"

"इन्स्पेक्टरसारखी. सून म्हणून केव्हाच हो म्हटलं असतं."

आम्ही दोघं आता मराठीवर आलो होतो. प्रद्योतबाबूंना मराठी येत नाही, पण ते हसले. सासरे-सुनेचं भांडण कोणत्याही भाषेत कळतं.

मेट्रोत बंदूक नेता येत नाही, म्हणून टॅक्सी केली. खोळ बाबांच्या मांडीवर. श्यामबाजारच्या आधी टॅक्सी रेंगाळली तेव्हा त्यांनी डावीकडे बोट दाखवलं. "इथून आत गेलं की बागबाजार. नीरदबाबूंचं घर." ही बंदूक मूळ नीरदबाबूंची. बाबा सदुसष्ट-अडुसष्टला एका सरकारी कंपनीत मेकॅनिकल इंजिनिअर म्हणून इथे बदलून आले, तेव्हा ते त्यांचे वरिष्ठ होते. रविवारी पहाटे जीप काढून दोघं नदियाकडच्या पाणथळांवर जायचे. निवृत्त झाल्यावर नीरदबाबूंनी बंदूक रीतसर बाबांच्या नावावर करून दिली आणि म्हणाले, तुम्ही मराठे लुटायला याल म्हणून आमच्या पूर्वजांनी बागबाजारपासून खंदक खणला, आणि आज मी आपल्या हाताने तुझ्या हातात बंदूक देतोय, पूर्वज काय म्हणतील. ही गोष्ट मी अनेकदा ऐकली आहे. बाबा ती दर वेळी नव्याने सांगतात आणि मी दर वेळी हसते, कारण गोष्ट चांगली आहे.

"नीरदबाबूंचा एकच नियम होता," ते म्हणाले. "पक्ष्याचा डोळा दिसला तर मारायचं. डोळा दिसत नसेल तर तो लांब आहे. जखमी होऊन कुठेतरी झुरत मरतो. मी कितीतरी थवे तसेच सोडलेत, कालिंदी. ते शिकायलाच दोन हंगाम गेले."

"नूपुरला सांगा."

"सांगेन. बंदूक हातात देईन तेव्हा सांगेन."

त्या आठवड्यात मी कंपनीतून जाडीमापक घरी आणलं, पातळ भिंतीसाठी असतो तो बारीक प्रोब आणला, आणि नळीचा आतला व्यास मोजायचं तीन पायांचं गेज आणलं. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर घातली. बाबांनी नळ्या सोडवून दिल्या आणि समोर चहा घेऊन बसले. गुरुदत्त वर्तमानपत्र घेऊन आतल्या खोलीत गेला.

"जरा हळू सांग त्यांना, काही असलं तर," जाता जाता तो माझ्या कानाशी म्हणाला.

"तू सांगशील?"

"मी कशाला. तुझा विषय आहे."

आधी व्यास मोजला. छापात जो आकडा होता त्याच्याशी नळीच्या सुरुवातीचा व्यास जुळला. पुढे सरकत गेले तसा तो वाढू लागला. थोडं वाढणं मी समजू शकते, बंदूक वापरलेली आहे. हा वाढतच गेला, मधल्या भागात सगळ्यात जास्त, आणि तोंडाकडे पुन्हा कमी झाला. गोळीबाराने झिजलेली नळी अशी झिजत नाही. कोणीतरी तिच्यात काहीतरी पुढे-मागे, पुढे-मागे घासलं होतं.

मग बाहेरून जाडी. नळीला जेलीचा थेंब लावायचा, प्रोब टेकवायचा, आवाजाची लहर आतल्या भिंतीवर आपटून परत यायला किती वेळ लागतो त्यावरून यंत्र आकडा देतं. डावी नळी पातळ होती. उजवी जास्त. आणि उजव्या नळीच्या खालच्या बाजूला, लाकूड संपतं त्याच्या जरा पुढे, एक पट्टा असा होता की आकडा पाहून मी यंत्र तपासायच्या ठोकळ्यावर ठेवून पुन्हा ताडून पाहिलं. यंत्र बरोबर होतं. अर्ध्या मिलिमीटरच्याही खाली. कागदाचे चार-पाच पदर. ती घासणारी सळई धरणारा हात एकाच कोनात, एकाच बाजूला दाबत होता.

"बाबा, ही नळी आतून कोणी घासली?"

"घासली नाही कोणी. मी साफ करतो."

"कशाने?"

"तुला माहीत आहे की. खंडेनवमीला."

मला माहीत होतं, आणि तरीही माहीत नव्हतं. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी पाहत होते. बाहेर पूजेच्या मांडवात ढाक वाजत असतो, सगळं शहर नवमीच्या गर्दीत असतं, आणि आमच्या घरी खंडेनवमी म्हणून पाटावर हत्यारं मांडलेली असतात. बाबांची दुनळी, त्यांचे जुने पाने आणि पकडी, सासूबाई होत्या तोवर त्यांची शिवणाची कात्री, आणि मी नोकरीला लागल्यावर माझं जाडीमापक. बाबा आदल्या दिवशी दुपारी गॅलरीत बसून बंदूक साफ करत. लाकडी सळईला चिंधी गुंडाळलेली, शेजारी तेलाची बाटली आणि एक पत्र्याचा डबा. तो डबा मी कधी उघडून पाहिला नव्हता. साफसफाईचं काहीतरी, इतकंच.

"डब्यात काय असतं?"

"व्हॉल्व्ह ग्राइंडिंगची पेस्ट. वर्कशॉपमधून आणायचो. पावसाळ्यात आत गंज धरतो ना, तो तेलाने जात नाही. नीरदबाबूंच्या घरी नळ्या काळ्या पडायच्या. मी एक डाग राहू दिला नाही."

इंजिनच्या व्हॉल्व्हची बैठक घासून नेमकी करायला ती पेस्ट असते. तिच्यात धारदार कण असतात आणि पोलाद खाणं हेच तिचं काम. गंज गेला होता. गंजाबरोबर दर वर्षी थोडी नळीही गेली होती. देवीसमोर ठेवायची वस्तू स्वच्छ हवी, आणि बाबांच्या मते स्वच्छ म्हणजे खिडकीकडे धरल्यावर आपला चेहरा दिसला पाहिजे.

मी प्रोब पुसून ठेवला.

"ही उडवता येणार नाही, बाबा."

"बिस्मथनेसुद्धा?"

"कशानेच नाही. कारखान्याने हिची जी चाचणी केली होती ती या छापातल्या व्यासापुरती होती. व्यास इतका वाढला की ती चाचणी बाद धरतात. आणि मधे भिंत उरलेली नाही."

"पन्नास वर्षं," बाबा म्हणाले. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "पन्नास वर्षं मी हिला जपलं. दुसऱ्यांच्या बंदुका माळ्यावर पडून सडल्या. आणि तू म्हणतेस मी ती बिघडवली."

"गंजू दिली नाहीत म्हणून ती इतकी वर्षं राहिली. पेस्ट लावलीत म्हणून पातळ झाली. दोन्ही खरं आहे."

ते उठले, खिडकीशी गेले, परत आले. मी वाट पाहिली. माझ्या कामात नेहमी असंच होतं. नळी बदला म्हटलं की कारखान्याचा मॅनेजर आधी आकडे पुन्हा मागतो, मग अजून एक वर्ष चालेल का विचारतो.

"कमी दारूचं काडतूस?"

"नाही."

"एक बार. फक्त एक. तिने आजोबांच्या बंदुकीने एक पक्षी टिपला, एवढंच. मग ठेवून द्यावी."

आकडे मला पाठ होते. ते सांगितले असते तर त्यांनी इंजिनिअर म्हणून वाद घातला असता आणि आम्ही दुपारपर्यंत बसलो असतो. मी नळ्या उचलल्या आणि त्यांच्यासमोर धरल्या.

"बाबा, तुम्ही नेम धरताना डावा हात कुठे असायचा?"

त्यांनी सवयीने हात पुढे केला. नूपुर लहान होती तेव्हा ज्या हाताला धरून ती डमडम स्टेशनापर्यंत चालत जायची तो हात. ते उंच आहेत, हात लांब आहेत, आणि लाकूड सोडून पुढे नळीलाच पकडायची जुन्या लोकांची सवय त्यांना आहे. बोटं उजव्या नळीखाली गेली आणि मी खडूने खूण केली होती तिथे टेकली.

"तिला तुम्हीच शिकवलंय ना, काठी घेऊन? ती पण असंच धरते."

बाबांनी हात काढला नाही लगेच. खडूची खूण बोटाने चाचपली, मग बोटाला लागलेला खडू चादरीला पुसला.

"खोळ आण," ते म्हणाले.

संध्याकाळी नूपुरचा फोन आला. तिच्याकडे सकाळ होती. पडद्यावर तिच्यामागे स्वयंपाकघराची खिडकी आणि लख्ख उजेड.

"आई, मग मी बिस्मथ ऑर्डर करू का? पासष्टची दोन दुकानात आहे."

"दुकानांत आहेत," बाबा बाजूने म्हणाले. नूपुरचं मराठी कोलकात्यात वाढलेलं, ते दुरुस्त करणं ही त्यांची नेहमीची जबाबदारी. मग त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला. "करू नकोस. बंदूक येत नाही. नळी पातळ झाली आहे. मी पातळ केली. तुझ्या आईने मोजलं."

ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही ठीक आहात ना?"

"मी ठीक आहे. माझी जाडी कोणी मोजलेली नाही."

नंतरचे काही दिवस ते माझ्याशी कामापुरतं बोलत होते. मी काही समजूत घातली नाही. मोजमापाची समजूत घालत बसलं की समोरच्याला वाटतं त्यात तडजोडीला जागा आहे. एकदा संध्याकाळी ते स्वतःच स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले.

"नूपुर ती मेलेली बदकं कापून बघते ना प्रयोगशाळेत. शिसं कसं काय मारतं त्यांना? छर्रा लागला नाही तरी?"

"बदक दाणे दळायला पोटात खडे ठेवतं. तळातले वेचून गिळतं. छर्रा खड्यासारखाच दिसतो. तो पोटात दळला जातो आणि रक्तात मिसळतो. मग मान पडते, उडता येत नाही. ती एक्स-रे काढते तेव्हा पोटात पांढरे ठिपके दिसतात."

ते थोडा वेळ भाजी चिरणं पाहत राहिले. "म्हणजे नदियाच्या त्या पाणथळात माझे छर्रे अजून असतील?"

"असतील. शिसं कुजत नाही."

"हं," ते म्हणाले. "तिला चांगली बंदूक घेऊन द्यायला हवी. तिची तीच जाईल दुकानात आणि सेल्समन सांगेल ती घेऊन येईल."

त्या दिवसापासून घरात बंदुकीशिवाय दुसरा विषय राहिला नाही. बाबांना दुनळीच हवी होती, शेजारी शेजारी दोन नळ्या, दोन घोडे. नूपुरला एकनळी हवी होती, पुढचं लाकूड मागे ओढून दुसरं काडतूस भरायचं, तशी. चिखलात पडली तरी चालते, ती म्हणाली. बाबा म्हणाले, चिखलात पाडायचीच आहे तर काठी घेऊन जा. मी म्हटलं, दोघांनी कोणतीही घ्या, मला तीन गोष्टी हव्यात. घर निदान सत्तरचं असलं पाहिजे. पोलादी छर्ऱ्यांसाठी ती बनवलेली आहे असं नळीवर किंवा कारखान्याच्या कागदावर स्पष्ट असलं पाहिजे. आणि तोंडाचा आवळ बदलता यावा, म्हणजे पोलादासाठी मोकळा ठेवता येईल.

"आणि सुनेची सही," बाबा म्हणाले.

शेवटी एका शनिवारी नूपुर तिथल्या दुकानातून फोनवर आली. फोन तिच्या मैत्रिणीच्या हातात होता. आमच्याकडे झोपायची वेळ झाली होती, पण बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते.

"ही उचल," त्यांनी सुरुवात केली. "अशी नाही. आधी मांडीशी धर. समोर भिंतीवर काहीतरी बघ. काय बघतेस?"

"एक्झिटचा बोर्ड."

"डोळे मीट. आता बंदूक खांद्याला आण आणि थांब. हलायचं नाही. उघड डोळे. काय दिसतं?"

"नळी कुठे आहे? मला फक्त मागचा लोखंड दिसतोय."

"मागचं लोखंड. म्हणजे दस्ता तुला जास्त खाली उतरता आहे. ठेव ती. दुसरी घे."

चौथ्या बंदुकीला तिने डोळे उघडले आणि हसली. "बोर्डच दिसतोय. नळीच्या टोकावर बसलाय."

"तीच. कोणती आहे ते आता विचारू आपण."

ती एकनळी निघाली, नूपुरला हवी होती तशीच. बाबांनी एक लांब श्वास घेतला. दुकानदार मागे उभा राहून ऐकत होता. त्याला शब्दही कळत नव्हता, पण त्याने मैत्रिणीला विचारलं, हे गृहस्थ कोण आहेत, आणि नूपुरने सांगितल्यावर त्याने पडद्याकडे बघून टोपी काढली. मी तिला नळीवरचे छाप कॅमेऱ्यासमोर धरायला लावले आणि वाचले. सगळं होतं.

काडतुसांवरून पुन्हा अडलं. बाबा म्हणाले, "चार नंबर. बदकाला चार नंबरच."

"तुमचा इंग्लिश चार, आणि तोही शिशाचा," मी म्हटलं. "यांच्याकडे नंबर वेगळे चालतात. आणि पोलाद शिशापेक्षा हलकं. निघतं जोरात, पण हवेत लवकर दमतं. त्याची भरपाई छर्रा मोठा घेऊन करायची. दोन पायऱ्या वर."

"म्हणजे दोन नंबर," बाबा म्हणाले. नंबर जितका लहान, तितका छर्रा मोठा.

"दोन नंबर. आणि अंतर कमी."

"अंतर मी सांगतो तिला," बाबा म्हणाले. त्यांनी फोन जवळ घेतला आणि नीरदबाबूंचा नियम तिला सांगितला, जो ते बंदूक हातात देताना सांगणार होते. पक्ष्याचा डोळा. मग ते रोज तिला विचारू लागले. बाहेर पडलीस की झाडावरचा कावळा बघ. डोळा दिसतो? आता पावलं मोज आणि झाडापर्यंत जा. दुसऱ्या दिवशी दुसरं झाड. ती कामावर जाताना महिनाभर कावळ्यांकडे चालत जात होती आणि आम्हाला कळवत होती.

ऑगस्टमध्ये ती आली, राहिली, आणि बंदुकीशिवाय परत गेली. दुनळी खोळीत होती. एका दुपारी मी दोघांना गॅलरीत पाहिलं. बाबा तिला दोन घोडे दाखवत होते, आणि ती हात मागे बांधून ऐकत होती.

यंदा खंडेनवमीला मी सकाळी पाट मांडला. ढाक सकाळपासूनच सुरू होता. बाबांनी बंदूक आणून ठेवली. आतून नुसतं तेल लावलेलं होतं. उजव्या नळीला, खालच्या बाजूला, त्यांनी लाल धागा बांधला होता, नेमका खडूच्या खुणेवर, म्हणजे पुढे कधी ही कोणाच्या हातात गेली तर धागा कशासाठी ते विचारलं जाईल. शेजारी माझं जाडीमापक. गुरुदत्तने दर वर्षीप्रमाणे बँकेचं पेन ठेवलं.

"डबा कुठे गेला?" मी विचारलं.

"मेकॅनिकला दिला कोपऱ्यावरच्या. त्याच्या कामाची वस्तू आहे." त्यांनी जाडीमापकाला हळद-कुंकू लावलं. जरा जास्तच लावलं. मला नंतर ते बटणांमधून काढायला लागलं.

संध्याकाळी आरती झाली आणि फोन वाजला. नूपुर पहाटेपासून शेतांच्या कडेच्या तळ्यावर होती. गळ्यापर्यंत कपडे, नाक लाल. तिच्यामागे वाळलेलं गवत आणि सपाट, करडं पाणी.

"एक मिळाला, आजोबा. हिरव्या डोक्याचा नर. एकाच बारात खाली."

"आणि?"

"आणि नंतर एक जोडी आली. सगळ्यांनी म्हटलं मार, मार. पण डोळा दिसत नव्हता."

"मग?"

"मग बंदूक खाली घेतली. ते लोक हसले थोडे."

"हसू देत," बाबा म्हणाले. ते पडद्याच्या इतके जवळ गेले होते की तिला फक्त त्यांचं कपाळ दिसत असणार. "बरं, डावा हात दाखव."

"का?"

"दाखव म्हटलं ना."

तिने हातमोजा काढला आणि हात कॅमेऱ्यासमोर धरला, आधी तळवा, मग पालथा. नखांत चिखल होता आणि करंगळीला एक बारीक राखाडी पीस चिकटलं होतं. बाबांनी ते नीट पाहून घेतलं, मग फोन माझ्याकडे दिला.

"तूही बघून घे," ते म्हणाले.